आमची वाटचाल : लांडगा, चंद्रकोर आणि आम्ही

जुन्या पात्यांची डागडुजी आणि त्यांवरचे फिरंगी ठसे ओळखून देणं, हा आमचा धंदा. सुरुवातीला जोडीला शिकलगार चाचा होते. फिरंगेची, म्हणजे परदेशी पात्याच्या तलवारीची, मूठ हलायला लागली की लाख तापवून पातं पुन्हा बसवायचं काम त्यांचं, ठसा वाचायचं माझं. भांडवल म्हणजे एक भिंग, टॉर्च, बटर पेपर आणि मऊ पेन्सिल. समोरून उजेड मारला तर काही दिसत नाही. टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा, मग पात्याच्या पन्हळीतून, म्हणजे लांब खाचेतून, ठशातल्या लांडग्याची शेपटी वर येते.

मधली वर्षं बरी गेली.

मग पलीकडच्या रस्त्यावर एकानं दुकान थाटलं. दिसेल ते पातं ‘अस्सल जिनोआ’ (इटलीतलं), ‘अस्सल टोलेडो’ (स्पेनमधलं), वर शिक्क्याचं प्रमाणपत्र. मी गिऱ्हाइकाला सांगायचो, ‘आंद्रेआ फेरारा’ हे इटालियन नाव जर्मनीतल्या सोलिंगेनचे कारागीर सर्रास घालायचे, कारण स्कॉटलंडात त्याला भाव होता. जर्मनीतल्याच पासाऊ गावचा पळत्या लांडग्याचा ठसाही त्यांनीच उचलला. जिनोआच्या दातेरी चंद्रकोरी तर आपल्याकडच्या लोहारांनीसुद्धा मारल्या. पण घरच्या तलवारीबद्दल असलं ऐकायला कोणाला आवडतं? त्यात त्यानं पसरवलं, की हा जळतो म्हणून सगळ्याला नकली म्हणतो. गिऱ्हाईक तुटलं. भाडं थकलं. चाचा पगाराचं नाव न काढता येत राहिले. दुकान विकायला काढलं होतं, खोटं कशाला सांगू!

तेवढ्यात साताऱ्याकडचे आबा आले. त्यांच्याकडे त्याचंच प्रमाणपत्र: ‘तलवार सन 1414’. मी म्हटलं, आबा, लांडग्याजवळचा हा आकडा साल नव्हे. सतराव्या शतकातल्या पात्यांवरही तो सापडतो. आबा हसले, “म्हणजे तलवार तरुण झाली की!”

मग त्यांनीच सोयऱ्यांच्या वाड्यांतून, त्या दुकानातून ‘साफ’ होऊन आलेल्या तलवारींचे ठसे कागदावर घासून आणले. टेबलावर शेजारी शेजारी मांडले, तर लांडगे रेघेला रेघ सारखे! खरा लांडगा छिन्नीनं हातानं उकरलेला, खाचेत पितळ ठोकून भरलेलं. एकाचं तोंड आखूड, दुसऱ्याचे पाय कुठले नि शेपूट कुठली कळत नाही. इथे सरळ एकच डाय (ठसा मारायचा साचा), आणि पितळ वरवर फासलेलं. त्यानंतर आबांच्या गोतावळ्यातूनच काम परत आलं.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. खंडेनवमीला लिंबू, राख, पॉलिश पेपर घेऊन पात्यावर तुटून पडू नका. मऊ फडकं आणि शिवणयंत्राचं तेल पुरे. विल्किन्सन या इंग्लिश कंपनीची तलवार असेल तर पाठीवरचा क्रमांक आधी टिपून ठेवा. 1854 पासूनचे क्रमांक कंपनीच्या नोंदवह्यांत होते, त्यावरून विक्रीचा माग लागू शकतो. क्रमांक घासून गेला की ती वाट बंद.

त्या गृहस्थांचं दुकान अजून चालू आहे. पाटी आमच्यापेक्षा मोठी, प्रमाणपत्राला सोनेरी किनारही आलीय. आम्ही साध्या कागदावर लिहून देतो, ठशाची घासणी जोडून. ‘स्थानिक नक्कल’ लिहावं लागलं तरी फी तेवढीच.