धोट्याच्या लाकडावरची सही

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यालगतच्या माझ्या छोट्या कार्यशाळेत लेथवर लाकडी पेन कातण्याचे आणि त्यांवर लेसरने नावे कोरण्याचे काम चालते. लाकूड बहुधा मी निवडतो आणि नाव ग्राहक सांगतो. शहराच्या पूर्व भागातून आलेल्या एका शिक्षिकेने मात्र लाकूडही बरोबर आणले होते. तो त्यांच्या दिवंगत वडिलांचा हातमागावरचा धोटा, म्हणजे विणताना आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी ठोकळा होता. ‘‘दादा, याचे दोन पेन करून द्या, एक मला आणि एक भावाला; आणि त्यांवर वडिलांची सही हवी,’’ असे म्हणत त्यांनी बँकेच्या एका जुन्या कागदाची छायाप्रत पुढे ठेवली. तेलंगणातून येऊन इथे स्थिरावलेल्या विणकर कुटुंबांतल्या अनेकांप्रमाणे त्यांचे वडील सही तेलुगूतच करीत.

‘‘अक्का, यात लाकूड फार थोडे आहे,’’ हे मला आधीच सांगावे लागले. धोट्याच्या मधोमध धाग्याची कांडी बसवण्यासाठी पोकळी असते आणि दोन्ही टोकांना धातूची अणी ठोकलेली असते, त्यामुळे भरीव लाकूड तेवढे पोकळी आणि अणी यांच्यामध्ये उरते. प्रत्येक बाजूने पेनाच्या खालच्या अर्ध्या भागापुरता, म्हणजे सुमारे 5 सेंटिमीटरचा एकेक तुकडा निघाला. वरचा भाग शिसमाचा करायचे ठरले.

खरी अडचण तेलाची होती. वर्षानुवर्षे मागावर राहिलेल्या त्या लाकडात तेल खोलवर मुरले होते. उरलेल्या चिपेवर मी चाचणी घेतली, तेव्हा लेसरच्या उष्णतेने तेल वर आले आणि प्रत्येक रेषेभोवती तपकिरी डाग पसरला. ताज्या कापलेल्या लाकडाच्या बाबतीत असे सहसा होत नाही. मग तुकडे थिनरने पुसून चांगले सुकू दिले, कातल्यावर चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) पातळ हात दिला, धूर चिकटू नये म्हणून कागदी चिकटपट्टी लावली आणि लेसरची शक्ती कमी करून तीच रेषा पुन्हा पुन्हा फिरवण्याचे ठरवले. जास्त खोल जाणे परवडणारे नव्हते, कारण आत पितळी नळी असते आणि तिच्यावर लाकडाचा थर जेमतेम दोन मिलिमीटरचा राहतो.

सहीचे रेखांकन करताना संगणकाने वडिलांच्या हाताचा कंप परस्पर काढून टाकला आणि शेवटचे अक्षर अगदी सुबक, गोल करून दिले. ते मला मुळीच मान्य नव्हते. ज्या हाताने आयुष्यभर धोटा फेकला त्या हाताची ती उतारवयातली सही होती आणि ती तशीच उमटायला हवी होती, म्हणून एकेक बिंदू छायाप्रतीवर ठेवून मी ती रेषा हाताने पुन्हा आखली. या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला आणि तो लागायलाच हवा होता.

11 मिलिमीटर व्यासाच्या गोल पेनावर 6 मिलिमीटर उंचीची सही सपाट मेजावर कोरली, तर तिच्या वरच्या-खालच्या कडा मधल्या रेषेपेक्षा सुमारे 0.9 मिलिमीटर खाली जातात आणि तिथे किरणाचे टोक बोथट होते. म्हणून पेन फिरत्या चकमध्ये, म्हणजे त्याला स्वतःभोवती फिरवणाऱ्या पकडीत धरून यंत्र चालवले. पट्टी काढून मऊ ब्रशने काजळी झटकली, तेव्हा डाग कुठेच नव्हता आणि शेवटच्या अक्षरातला कंप स्पष्ट दिसत होता.

दुसऱ्या तुकड्यात अणीपासून निघालेली बारीक भेग आतपर्यंत गेलेली होती. त्यावर सही कोरली तर लाकूड तडकेल, असे मी अक्कांना स्पष्ट सांगितले. त्यांनी भेग पाहिली, भावाला फोन लावला, त्याच्याशी तेलुगूत थोडे बोलल्या आणि भावाच्या पेनावरची सही वरच्या शिसमी भागावर कोरायला सांगितली. लाकूड बदलल्यामुळे शक्ती आणि वेग पुन्हा नव्याने जुळवावे लागले, आणि शिसम मुळातच गडद असल्याने रेषा उठून दिसावी म्हणून सही किंचित जाड ठेवावी लागली.