तुम्ही विचारलंत म्हणून: मी मुलींना वजन का उतरवू देत नाही

मी रोइंगची, म्हणजे वल्ह्यांच्या बोटींच्या शर्यतींची कोच, आणि पूर्वी स्वतः लाइटवेट या वजनाची मर्यादा असलेल्या गटात वल्हवायचे. दर मोसमात कुणी ना कुणी विचारतंच. पालक विचारतात, नवीन कोच विचारतात, परवा तर एका मुलीच्या आईने सगळ्यांसमोर विचारलं, मॅडम तुम्ही स्वतः वजन उतरवून लाइटवेटच्या चॅम्पियन झालात, मग आमच्या मुलीच्या वेळीच का नाही म्हणता? मी काहीतरी गुळमुळीत बोलले आणि मोटरबोट सुरू करून निघून गेले. ते मला लागून राहिलंय, म्हणून आज नीट लिहिते.

हो, मी उतरवलं होतं. आणि लाइटवेट गट नसता तर मी रोइंगमध्ये टिकलेच नसते हेही खरं. माझी उंची 163 सेंटीमीटर. वजनाची मर्यादा नसलेल्या ओपन गटातल्या मुली 180च्या आसपास किंवा पुढे, त्यांचे हातपाय लांब, त्यामुळे वल्ह्याचा एकेक स्ट्रोक लांब, मी कितीही जीव काढला तरी 2000 मीटरला त्या पुढेच असणार. आमच्यासारख्या अंगकाठीच्या लोकांनाही जागा मिळावी म्हणून तर तो गट होता. 1996ला ऑलिंपिकमध्ये आला, पॅरिस 2024 नंतर गेला, आता लॉस एंजेलिसला त्याऐवजी समुद्रकिनाऱ्यावरच्या बीच स्प्रिंटच्या शर्यती असणार आहेत. लाइटवेट काढणार हे कळलं तेव्हा मी रडले होते आणि त्याच रात्री मनात आलं की चला, पोरी सुटल्या. या दोन्ही गोष्टी मला अजून एकमेकींशी जुळवता आलेल्या नाहीत.

नियम तुम्हाला माहितीच आहे, मुलींच्या डबल स्कलला, म्हणजे दोघींनी वल्हवायच्या बोटीला, दोघींची सरासरी 57 किलो, एकीचंही 59च्या वर नको. पण तो नुसता वाचणं वेगळं आणि त्या बोटीत बसणं वेगळं. जोडीदारणीचं वजन अर्धा किलो वाढलं की तो अर्धा किलो तुमच्या डोक्यावर येतो, तिच्या ताटाकडे तुम्ही बघायला लागता, ती तुमच्या. मी चार वर्षं अशी काढली. एकदा सलग अकरा महिने पाळी आली नाही आणि मला ते चांगलं लक्षण वाटायचं, ट्रेनिंग लागू पडतंय म्हणून! सविसाव्या वर्षी बरगडीला ताणाने बारीक फ्रॅक्चर झालं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाळीचा विचारला आणि मला राग आला की याचा बरगडीशी काय संबंध. संबंध होता. खर्चाच्या मानाने शरीरात अन्न कमी जात राहिलं की पाळी थांबते, हाडं कमजोर होतात, हे आज ऐकायला साधं वाटतं, पण ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या सगळ्याला मिळून एक नाव दिलं तेच 2014मध्ये.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर माझी बरगडी नाही. खरं उत्तर ती आहे. तिचं नाव लिहीत नाही.

कोच म्हणून माझं तिसरं वर्ष. ती एकवीस वर्षांची, अर्गोमीटरवर, म्हणजे जमिनीवरच्या वल्हवायच्या मशीनवर, माझे सगळे आकडे तिने मागे टाकले होते. फायनलच्या आदल्या संध्याकाळी काट्यावर ती 59.8, जोडीदारीण 55.4. बेरीज 115.2, हवी 114. जोडीदारीण आधीच सुकलेली, तिच्यातून काही निघणार नव्हतं. म्हणजे 1.2 किलो पूर्ण हिचा. ती माझ्याकडे बघत होती आणि मी म्हणाले, मी एका रात्रीत दोन किलो उतरवलेत, तू सव्वा किलोला घाबरतेस?

दोन स्वेटर, वरून रेनकोट, घाम निघावा म्हणून ती पळतेय आणि मी सायकलवर तिच्या बाजूने. पाणी बंद. रात्री लाळेवाटेही पाणी जावं म्हणून च्युइंगगम चघळून बाटलीत थुंकत बसली होती, मी शेजारी बसून तिला माझ्या शर्यतींच्या गोष्टी सांगत होते, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा खूप छान वाटत होतं, आपलं काहीतरी तिला देतोय असं. सकाळी काट्यावर बेरीज 113.9. मी तिला मिठी मारली. नंतर शर्यतीपर्यंत तास-दीड तास मिळतो, तेवढ्यात मीठ-साखरेचं पाणी, थोडं खाणं, त्यातलं अर्धं तिने ओकून टाकलं. तेव्हा थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही.

हजार मीटरपर्यंत त्या पहिल्या होत्या. मी काठाने सायकलवरून ओरडत होते. बाराशेच्या पुढे तिचा कॅच, म्हणजे वल्हं पाण्यात घालणं, उशिरा पडायला लागला, ती स्ट्रोकला, म्हणजे लय देणाऱ्या पुढच्या जागेवर, बसलेली, त्यामुळे मागच्या मुलीला फक्त तिची पाठ दिसत होती, ती नंतर मला म्हणाली की पाठ एका बाजूला कलत गेली आणि मला वाटलं ताई जोर लावतेय. मलाही तेच वाटलं. मी ओरडले, अजून पाचशे, पाय मार! तिच्या डाव्या हातातून वल्हं सुटलं आणि ती तशीच पुढे गुडघ्यांवर पडली. बोट आडवी झाली, बाकीच्या पाच बोटी निघून गेल्या. रेस्क्यू लाँच येईपर्यंत मागची मुलगी एकटी दोन्ही वल्ही धरून बोट सांभाळत होती. मी काठावर, हातात सायकल, आणि मधे पाणी.

सलाइन लागलं, दोन दिवसांत ती बरी झाली. मी ठरवून टाकलं, हिला लाइटवेट बंद. ओपनमध्ये 75-75 किलोच्या मुलींपुढे तिला सीट मिळाली नाही. वर्षभरात तिने रोइंग सोडलं. मी स्वतःला सांगत राहिले की मी तिला वाचवलं.

चार वर्षांनी भेटली. मी माफी मागितली, त्या रात्रीची. ती म्हणाली, "त्याचा राग नाही ताई. त्या रात्री मला विचारलं नाहीत, आणि मग बंद केलंत तेव्हाही विचारलं नाहीत. मी हळूहळू, तीन-चार महिने घेऊन 57वर आले असते. तुम्ही विचारायचं तरी."

यावर माझ्याकडे उत्तर नाही. कधी वाटतं तिचं बरोबर, नीट खाऊन, डॉक्टरांच्या नजरेखाली, मोसमाच्या आधीच वजन बसवता आलं असतं, तशा बसवणाऱ्या आहेत. मग वाटतं, मीही सुरुवात हळूहळूच केली होती. कुणी पहिल्या वर्षी रेनकोट घालत नाही. तेविसाव्या वर्षीची मी आज समोर आली तर म्हणेल, पदक भिंतीवर लावून बसलीस आणि दुसऱ्यांना दार बंद करतेस. बरोबर आहे तिचं. पदक मी काढलेलं नाही, काढणारही नाही, ते मी कमावलंय.

तरी मी नाही म्हणते, काही स्पर्धांत तो गट अजून आहे तरीही. तुम्ही मला भित्री म्हणा. शर्यतीच्या आदल्या दिवशी माझ्या एकाही मुलीचं वजन मी उतरवून देणार नाही, हे पक्कं.

पण त्या आईंची मुलगी 60.4ला आहे, मोसमाला अजून पाच महिने आहेत, आणि आई बोलली, मी बोलले, ती मात्र गप्प उभी होती. तिला काय हवंय ते मी विचारलंच नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. उद्या सकाळी बोटी पाण्यात घालायच्या आधी विचारते. ती हो म्हणाली तर मी काय करीन, मला माहीत नाही.