खड्ड्यातून वाफ

मे महिना, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला सूत रंगवायचा कारखाना. सकाळच्या पाळीत, ओलं सूत गरगर फिरवून पिळणाऱ्या हायड्रो मशीनला हात लागला आणि कामगार मागे फेकला गेला, म्हणून मला बोलावलं होतं. पायात गमबूट होते, तो वाचला. मी पोचलो तेव्हा मशीनचा स्टार्टर बंद होता आणि मालक फाइल घेऊन उभे. "साहेब, गेल्याच वर्षी अर्थिंगचे आठ खड्डे नवे मारलेत. प्रत्येक मशीनला वेगळा. रीडिंग बघा, एकही दोन ओहमच्या वर नाही." खड्डा म्हणजे मशीनच्या बॉडीची तार जमिनीत पुरायची जागा; ओहम म्हणजे तिथे करंटला होणारा अडथळा, जितका कमी तितका बरा.

तेवढ्यात वॉचमन मामा म्हणाले, "साहेब, हायड्रोच्या खड्ड्यात पाणी ओतलं की वाफ निघतीया. कालच्या संध्याकाळपासनं."

माझ्या पोटात गोळा आला. मामांना आधी खड्ड्यापासून लांब केलं. अशा खड्ड्याभोवतीच्या जमिनीवर, दोन पावलांच्या अंतरातसुद्धा, जीव घेण्याइतका व्होल्टेज असू शकतो. आणि हे रोज तिथे बादली घेऊन उभे राहत होते!

रबरी हातमोजे घालून मशीनची बॉडी आणि लांब ठोकलेली सळई यांच्यात मल्टिमीटर लावला. दीडशे व्होल्ट. बंद मशीनवर! लगेच मेन पाडायला लावला.

दोष स्टार्टरच्या अलीकडे, वीज येते त्या बाजूला होता. केबल पॅनेलमध्ये शिरते तिथे ग्लँडच, म्हणजे केबल घट्ट धरणारी कडीच, नव्हती. पत्र्याच्या कडेने घासून इन्सुलेशन कापलं गेलं होतं आणि फेजची तार बॉडीला टेकली होती. केबलचं आर्मर, म्हणजे वरचं लोखंडी कवच, बाहेरच कापून सोडलेलं. म्हणजे स्टार्टर बंद करून उपयोग नव्हता, बॉडी जिवंतच राहणार होती. पण मग ६३ अँपिअरचा ब्रेकर का पडला नाही? मालकांचा प्रश्न अगदी रास्त होता.

हायड्रोच्या खड्ड्याची तार सोडवून खड्डा अर्थ टेस्टरने मोजला: ४ ओहम. फाइलमधलं रीडिंग ऑगस्टचं, ओल्या काळ्या मातीतलं. मे महिन्यात आपल्याकडे तीच माती भेगाळून हात आत जाईल अशी होते. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा खड्डा २ ओहम. या दोन खड्ड्यांना जोडणारी पट्टी कुठेच नव्हती, त्यामुळे करंटला परतायला फक्त जमीन. फेजचे २३० व्होल्ट भागिले दोन्ही खड्ड्यांचे मिळून ६ ओहम, म्हणजे ३८ अँपिअर. ६३ चा ब्रेकर ३८ ला जन्मात पडणार नाही. आणि ३८ गुणिले ४, म्हणजे बॉडीवर १५२ व्होल्ट. मल्टिमीटरने तेच तर सांगितलं होतं. त्या खड्ड्यात जवळजवळ पावणेसहा किलोवॅट उष्णता रात्रभर मुरत होती, घरातल्या तीन गिझरइतकी. माती तापून सुकणार, ओहम वाढणार, बॉडीवरचा व्होल्टेजही वाढणार.

मालक म्हणाले, "मग मीठ-कोळसा घालून अजून चार खड्डे मारू." मी हात जोडले. खड्डा एक ओहमवर आणला असता, तरी न्यूट्रलचे दोन धरून करंट ७७ अँपिअर. एवढ्याला ६३ चा ब्रेकर पडायला कित्येक मिनिटं घेऊ शकतो, आणि तोवर बॉडीवर ७७ व्होल्ट. ओल्या फरशीवर उभ्या माणसाला तेवढे पुरतात. इथे खड्ड्यापेक्षा लोखंडाची वाट हवी होती.

दोन दिवस कारखाना बंद ठेवला. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलपासून जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पट्टीचं कडं सगळ्या शेडभोवती फिरवलं, प्रत्येक बॉडी दोन ठिकाणी त्याला जोडली, वाफेचे पाइप आणि शेडचे खांबही. आठही खड्डे त्याच कड्यात घेतले. केबलला ग्लँड, आर्मर अर्थला. मग हायड्रोवर लूप, म्हणजे करंटच्या जाण्या-परतण्याच्या सगळ्या वाटेचा अडथळा, मोजला: ०.१८ ओहम. आता तशीच तार टेकली तर बाराशेच्या वर अँपिअर वाहतील आणि ब्रेकर डोळ्याची पापणी लवायच्या आत पडेल.

ती जुनी फाइल मी घरी आणून पुन्हा वाचली. आठ खड्डे, आठ रीडिंग, खाली सही. लूपचा रकानाच नव्हता. माझ्या तक्त्यात तो आता पहिला आहे, मोजण्याचा महिनाही लिहावा लागतो. लूपचा रकाना रिकामा असेल तर मी सही करत नाही.