वॅट सोडा, पीठ किती मळतो ते विचारा

स्टँड मिक्सर, म्हणजे ओट्यावर ठेवायचं पीठ मळायचं मशिन, कुठला घ्यावा असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्याकडं ब्रेड शिकायला येणाऱ्या बायकांचा ठरलेला प्रश्न असतो, "काकी, पीठ मळायला स्टँड मिक्सर कुठला घेऊ? हजार वॅटचा की पंधराशेचा?" आपल्या कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस लागतात, तेव्हा घरी ब्रेड करायची हौस मला कळते. वॅटचं वेड मात्र कळत नाही.

मशिन वीज किती ओढतं, एवढंच वॅट सांगतात. हुकापर्यंत, म्हणजे पीठ मळणाऱ्या आकड्यापर्यंत, जोर किती पोचतो ते मोटर आणि गिअरवर ठरतं. केकला वेग लागतो, ब्रेडच्या पिठाला सावकाश ताकद. पीठ वेगाच्या एक-दोन नंबरवरच मळायचं. किचनएड ही मिक्सरची कंपनीसुद्धा दोन नंबरच्या वर जाऊ नका म्हणतं.

भांड्याच्या लिटरवरही जाऊ नका. माहितीपत्रकात 'जास्तीत जास्त पीठ' किती दिलंय ते बघा, आणि ते कोरडं पीठ की मळलेला गोळा तेही बघा. किलोभर मैद्यात साडेसहाशे मिली पाणी घातलं की गोळा दीड किलोच्या वर जातो. दुसऱ्या टोकालाही अडचण आहेच. मोठ्या भांड्यात पावकिलो पीठ टाकलंत तर हुक ते नुसतं कडेनं फिरवत बसतो, तिंबत नाही.

दुकानात गेलात की हुक लावून मशिनचं डोकं खाली करा, लॉक करा आणि हातानं हलवून बघा. आत्ताच खुळखुळतंय? मग घट्ट पिठात ते उचक्या दिल्यासारखं उडणार आणि मशिन ओट्यावर सरकत कडेला येणार. जड मशिन घ्या, उचलताना शिव्या द्याल पण चालेल. हुक पिळाचा असेल तर उत्तम. इंग्रजी सी-सारख्या हुकावर पीठ चढत चढत वर मानेपर्यंत जातं, मग थांबवून खाली ओढत बसा.

"भाचा अमेरिकेतनं आणतोय" म्हणणाऱ्यांना मी हात जोडते. तिकडचं मशिन 120 व्होल्टचं, आपली लाइन 230 ची. झिजलेला गिअर इथल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत कुणीतरी करून देईलही, पण जळलेलं सर्किट कोण देणार? सर्व्हिस कोल्हापुरात आहे की मशिन पुण्याला पाठवावं लागेल, हे पैसे द्यायच्या आधी विचारा.

आणि एप्रिल-मेमध्ये पाणी फ्रीजमधलं घ्या. हुकाच्या घर्षणानं पीठ तापतं, आणि इथं तर डब्यातला मैदाच कोमट असतो.

आठवड्याला एकच ब्रेड होणार असेल तर थांबा जरा. मैदा-पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेवा, मग यीस्ट आणि मीठ घालून हातानं मळा. त्या अर्ध्या तासात पीठ आपणहून ताणाला येतं, मळायचं काम बरंच कमी होतं. महिनाभर असं करून बघा, मग दुकानात जा.