मियाटाची ध्वनियंत्रणा बदलताना: माझा अनुभव

दोन आसनांच्या, कापडी टपाच्या स्पोर्ट्स कारमध्ये गाणे ऐकायचे म्हणजे वाऱ्याशी झुंज असते, आणि ती झुंज नुसते जास्त वॅट ओतून जिंकता येत नाही. माझ्याकडे २००३ सालची माझ्दा एमएक्स-५ आहे. अमेरिकेत तिला सगळे मियाटा म्हणतात. मी सॅन होजे येथे राहतो. येथील हवेमुळे वर्षातील बहुतेक महिने टप उघडा ठेवून गाडी चालवता येते, आणि सॅराटोगाहून हायवे ९ ने डोंगर चढून स्कायलाइन बुलेव्हार्डला लागणे हा माझा आवडता रस्ता आहे. त्या वळणांवर मी गाणी लावतच नाही, कारण तेथे इंजिनाचा आवाज पुरेसा असतो. अडचण होती ती २८० या महामार्गाची, जेथे ताशी १०५ किलोमीटरच्या वेगाने तासभर सरळ जायचे असते आणि तबल्यातला डग्गा जणू वाजतच नाही असे वाटते.

याचे कारण समजून घेतल्याखेरीज पैसे खर्च करायचे नाहीत, असे मी आधीच ठरवले होते. वाऱ्याच्या आणि टायरच्या आवाजाचा मोठा भाग खालच्या कंप्रतांमध्ये असतो आणि तो गाण्यातल्या खर्जाला झाकून टाकतो. वरचे सूर मात्र टिकून राहतात. त्यामुळे गायकाचा आवाज पातळ आणि टोकदार ऐकू येतो, आपण व्हॉल्यूम वाढवतो, आणि गाडीबरोबर आलेला कागदी शंकूचा स्पीकर त्या ताणाने फाटल्यासारखा वाजू लागतो. म्हणजे मला हवी होती ती साधारण ८० ते २५० हर्ट्झ या पट्ट्यातली स्वच्छ ताकद. छाती हादरवणारा धमाका मला नको होता.

साहजिकच पहिला सल्ला सर्वांकडून आला तो सबवूफरचा, म्हणजे फक्त खर्जासाठी असलेल्या मोठ्या स्पीकरचा. तो मी नाकारला. सीटांच्या मागे जागा नाही, डिकी लहान आहे आणि त्या डिकीतच स्टेपनी आणि बॅटरी दोन्ही ठाण मांडून बसलेल्या आहेत. शिवाय माझ्दाने १९८९ पासून ही गाडी ज्या कल्पनेवर बांधली ती जपानी कल्पना म्हणजे ‘जिनबा इत्ताई’, अर्थात स्वार आणि घोडा एकजीव असणे. त्या हलकेपणाच्या हट्टामुळेच माझी गाडी अजून अकराशे किलोंच्या आत आहे, आणि एप्रिल २०१६ मध्ये या मालिकेतील दहा लाखावी गाडी तयार झाली तेव्हाही कंपनी याच गोष्टीचा अभिमान मिरवत होती. अशा गाडीत लाकडी खोका आणि त्यातले जड चुंबक लादणे मला पटेना. म्हणून मी दारांतले साडेसहा इंची स्पीकर (वूफर, म्हणजे खालच्या सुरांचे), वेगळे ट्वीटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर), चार चॅनेलचा लहान, कमी वीज वाया घालवणारा क्लास-डी अँप्लिफायर आणि डिजिटल प्रक्रियेची सोय असलेले हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला रेडिओ, एवढ्यावर थांबायचे ठरवले. चार चॅनेल घेण्यामागे हेतू असा की, प्रत्येक ट्वीटरला आणि प्रत्येक वूफरला स्वतंत्र चॅनेल मिळावा आणि कंप्रतांची वाटणी हेड युनिटमध्येच करता यावी.

स्पीकर मागवण्यापूर्वी एक मोजमाप करणे अत्यावश्यक असते. दाराची काच पूर्ण खाली घेतल्यावर ती स्पीकरच्या चुंबकाच्या अगदी मागे येते. माझ्या दारात स्पीकर बसवण्याच्या पृष्ठभागापासून काचेपर्यंत जेमतेम साडेपाच सेंटिमीटर जागा होती, तीही काच शेवटपर्यंत उतरल्यावर मोजलेली. त्यामुळे कितीतरी चांगले, पण खोल बुडाचे स्पीकर यादीतून आपोआप गळले. उथळ स्पीकर निवडला आणि त्याखाली सुमारे दोन सेंटिमीटर जाडीची गोल कडी घातली. ही कडी मी एचडीपीई प्लॅस्टिकची घेतली. बाजारात एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) स्वस्त कड्या मिळतात, पण गाडीचे दार आतून कोरडे नसते. काचेच्या रबरी पट्टीतून पाणी आत झिरपते आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडते, अशीच त्याची रचना असते. तेथे एमडीएफ फुगून भुगा व्हायला फार काळ लागत नाही.

खरे काम दारांचे होते, आणि सर्वांत जास्त फरकही त्यानेच पडला. डोअर पॅड, म्हणजे दाराचे आतले आवरण, क्लिपांवरून सोडवल्यावर मागे एक प्लॅस्टिकचा पातळ पडदा दिसतो, आणि तो काळ्या, कधीही न वाळणाऱ्या चिकट लगद्याने पत्र्याला चिकटवलेला असतो. हा लगदा हाताला, कपड्याला आणि सीटला लागतो, आणि लागला की निघत नाही. मी गाडी थंड असताना भल्या सकाळी काम सुरू केले, कारण थंडीत तो कडक होतो आणि गोळा करून ओढता येतो; दुपारच्या उन्हात त्याच्या तारा निघतात. पडदा निघाला की दाराच्या आतल्या पत्र्याला पडलेली मोठमोठी भगदाडे दिसतात. स्पीकरचा शंकू पुढे हवा ढकलतो त्याच क्षणी मागून ती ओढतो. ही मागची लहर भगदाडांतून पुढे आली की खालच्या सुरांत दोन्ही एकमेकींना मारून टाकतात. महागडा स्पीकर उघड्या भगदाडांच्या दारात बसवला तर तो पोचट वाजतो, याचे रहस्य एवढेच आहे.

म्हणून आधी बाहेरच्या पत्र्याला आतून ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्यूटाइल (चिकट रबराची) शीट लावली. संपूर्ण पत्रा मढवण्याची गरज नसते. पत्र्याचे कंपन मरण्यासाठी साधारण पाव भाग झाकला तरी काम होते, आणि त्याहून जास्त लावणे म्हणजे वजन वाढवणे. शीट चिकटवण्यापूर्वी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि नंतर छोट्या रोलरने इतका दाबला की ॲल्युमिनियमवरची नक्षी सपाट झाली. आतल्या पत्र्याची भगदाडे पातळ ॲल्युमिनियमच्या तुकड्यांनी झाकून त्यांवर तीच शीट लावली, मात्र तळाची निचऱ्याची भोके काळजीपूर्वक मोकळी ठेवली. आधी दारावर बोटाने टकटक केले तर रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा आवाज येत असे. आता भरीव, बुजलेला ‘ठप’ येऊ लागला. दार लावण्याचा आवाजसुद्धा बदलला, आणि हा लाभ मी कोणत्याही वॅटच्या आकड्यापेक्षा मोठा मानतो. जाता जाता कुलूप आणि हँडलच्या लोखंडी सळ्यांना फेल्टची पट्टी गुंडाळली. ठरावीक सुराला खडखडणारी वस्तू बहुधा हीच असते.

डॅशबोर्ड उघडल्यावर वेगळेच प्रकरण समोर आले. आधीच्या मालकाने कधीतरी रेडिओ बदलताना कंपनीचा मूळ कनेक्टरच कापून टाकला होता आणि तारा एकमेकींना पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली होती. सरळ जोडता येणारी ॲडॉप्टरची वायर त्यामुळे निरुपयोगी ठरली. मग मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारे उपकरण) घेऊन एकेक तार शोधली: कोणत्या तारेत सतत बारा व्होल्ट आहेत, कोणत्या तारेत किल्ली फिरवल्यावरच येतात, कोणती पार्किंगच्या दिव्यांबरोबर जिवंत होते. नव्या स्पीकरच्या तारांची दिशा तपासायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. त्याची दोन टोके तारांना क्षणभर टेकवायची. शंकू बाहेर सरकला तर सेलच्या धन टोकाला लागलेली तार धन. हे दोन्ही बाजूंना सारखे नसेल तर खर्ज पुन्हा गायब होतो. पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या तारांना मी हात लावला नाही, आणि त्या भागात शिरण्यापूर्वी बॅटरी सोडून काही वेळ थांबलो. दाराकडे जाणारी नवी तार रबरी नळीतून ओवणे हे मात्र संयमाची परीक्षा पाहणारे काम आहे; सिलिकॉनचा फवारा आणि कडक वायरचा हूक यांशिवाय ते होईल असे मला वाटत नाही.

अँप्लिफायर कोठे ठेवायचा याचा निर्णय पाण्याने केला. सीटांच्या मागची सपाट जागा पाहताक्षणी योग्य वाटते, पण या गाडीच्या टपावरचे पाणी त्याच बाजूच्या नळ्यांतून खाली जाते, आणि त्या नळ्या पानांनी तुंबल्या की पाणी आत शिरते. मियाटावाल्यांमध्ये हे दुखणे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून अँप्लिफायर डिकीत, पुढच्या भिंतीवर उंच, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवला. बॅटरी डिकीतच उजव्या बाजूला असल्याने वीजपुरवठ्याची जाड तार हातभर लांबीची पुरली. चार चॅनेल मिळून १८० वॅट, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर पूर्ण भारावर सुमारे १६ अँपिअर लागतात; त्यामुळे ८ गेजची तार आणि बॅटरीला लागूनच ३० अँपिअरचा फ्यूज एवढे पुरेसे झाले. हा फ्यूज अँप्लिफायरचे रक्षण करण्यासाठी नसतो. तार कोठे घासून पत्र्याला टेकली तर आग लागू नये म्हणून तो असतो, आणि म्हणूनच त्याची जागा बॅटरीजवळ. डिकीतील बॅटरीला वायू बाहेर सोडणारी नळी असते, तीही हालचालीत निसटली नाही ना हे पाहून घेतले.

सर्व जोडून झाल्यावर पहिली चाचणी मी तानपुऱ्याच्या ध्वनिमुद्रणावर घेतली. तानपुरा हा या कामासाठी फार निर्दयी परीक्षक आहे, कारण त्याच्या अखंड स्वरात कोणतीही परकी कुणकुण लपत नाही. इंजिन बंद असताना षड्ज स्वच्छ होता. इंजिन सुरू करताच त्याच्या वर एक बारीक शीळ आली, आणि ॲक्सिलरेटर दाबला की तीही वर चढू लागली. ही अल्टरनेटरच्या विजेतली लहर असते आणि ती बहुधा अर्थिंगच्या वाटेने आत शिरते. डिकीतल्या सिग्नलच्या आरसीए तारा अँप्लिफायरमधून काढल्या तेव्हा शीळ थांबली, म्हणजे दोष पुढच्या बाजूला होता. पाहिले तर हेड युनिटचा अर्थ आधीच्या मालकाने रंग दिलेल्या ब्रॅकेटच्या स्क्रूखाली दाबलेला होता आणि मी ती तार तशीच पुढे वापरली होती. जवळच्या बोल्टखालचा रंग घासून, चमकता पत्रा काढून तेथे अर्थ बसवला आणि तानपुरा निर्वेध झाला. आवाज गाळणारे तयार फिल्टर दुकानात मिळतात. कारण सापडत असताना ते लावणे मला योग्य वाटत नाही.

मग जुळणी. अँप्लिफायरचा गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण, कानाने लावू नये. ४ ओमच्या स्पीकरला ४५ वॅट हवे असतील तर ४५ गुणिले ४ म्हणजे १८०, त्याचे वर्गमूळ सुमारे १३.४, तेवढे एसी व्होल्ट मल्टिमीटरवर दिसेपर्यंत, स्पीकर सोडवून आणि एकसुरी चाचणीस्वर वाजवून, गेन वाढवायचा. वूफर आणि ट्वीटर यांची वाटणी ३,००० हर्ट्झला केली. येथे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे माझ्या कानापासून उजवा ट्वीटर डाव्यापेक्षा सुमारे ५५ सेंटिमीटर दूर पडतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर डाव्या ट्वीटरला १.६ मिलिसेकंदांचा विलंब द्यावा लागतो. तो दिल्याबरोबर डाव्या गुडघ्यापाशी गाणारा गायक उचलून डॅशबोर्डच्या मध्यावर येऊन बसला. मी टप बंद असतानासाठी आणि टप उघडा असतानासाठी अशा दोन जुळण्या साठवल्या आहेत. उघड्या टपासाठी वूफरला ८० हर्ट्झच्या खालचे काही पाठवत नाही, कारण ते ऐकू येतच नाही आणि शंकूची ताकद फुकट जाते. त्याऐवजी १०० ते २०० हर्ट्झचा पट्टा थोडा उचलला आहे. डग्ग्याचा घुमारा आता २८० वर कळतो. पूर्ण नव्हे, पण हाताचा दाब बदलल्यावर होणारी मींड ओळखू येते.

तरीही स्पष्ट सांगायला हवे की, दोन्ही काचा वर घेणे आणि सीटांच्या मागचा वारा अडवणारा छोटा पडदा उभा करणे या दोन फुकट गोष्टींनी जेवढा लाभ होतो तेवढा अँप्लिफायरने एकट्याने होत नाही. अमेरिकेतील कामगार-आरोग्यविषयक संस्था ‘नायॉश’ ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत सुरक्षित मानते आणि दर ३ डेसिबलला ती मुदत निम्मी करते, म्हणजे ८८ डेसिबलला चारच तास. वारा आणि त्यावर मात करणारे गाणे दोन्ही मिळून ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून हेड युनिटमध्ये मी व्हॉल्यूमची कमाल पातळी बांधून ठेवली आहे, आणि ताशी ११० च्या पुढे गाणे बंद करतो.

एकूण वजन काही किलोंनी वाढले, खर्च हजार डॉलरच्या आत राहिला. हिवाळ्यातला पाऊस संपल्यावर डोअर पॅड पुन्हा उघडून पाहिले. कड्या जशाच्या तशा होत्या, ब्यूटाइल कोठेही सुटलेले नव्हते, फक्त उजव्या दाराच्या एका निचऱ्याच्या भोकात चिखल साचला होता आणि स्पीकरच्या साध्या स्क्रूंवर गंजाची पुसट छटा आली होती. भोक तारेने मोकळे केले आणि स्क्रू बदलून स्टेनलेस स्टीलचे लावले.