टूथब्रशचं वांगं

दोन वर्षांपूर्वी मामांनी यावल तालुक्यातून भरिताच्या वांग्याचं बी पाठवलं. वहीच्या पानाची पुडी, वर पेन्सिलने ‘घरचं’ एवढंच लिहिलेलं. जळगावच्या माझ्या गच्चीवर त्या वर्षी लांबट, हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी आली. त्यातलं एक झाडावर पिवळं होऊ दिलं आणि बी धरलं. पुढच्या वर्षी त्याच बियांतल्या एका झाडाला जांभळट वांगी लागली. देठाला काटेही!

काटेरी जांभळी वांगी लावतात त्या शेजारच्या काकू. मधला दलाल कोण, तेही कळलं. आमच्या मांडवाच्या बांबूला भोक पाडून राहणारा काळा भुंगा. 2016 सालापासून जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, पण हे भुंग्याला कुणी कळवलेलं दिसत नाही.

बरं, ही लबाडी त्याच वर्षी उघडी पडत नाही. परागकण कुठलाही असो, फळ आईच्याच वळणाचं येतं. गडबड असते ती बियांच्या पोटात. एका वांग्यात शेकडो बिया, आणि भुंगा चार झाडं फिरून आला असेल तर सगळ्यांचा बाप एकच असेल असंही नाही.

म्हणून यंदा मी हातात कारभार घेतला. हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळालेल्या जाळीच्या पोटल्या उमलायच्या आधीच कळ्यांवर बांधल्या. पहिली पाच फुलं गळाली. चष्मा लावून पाहिलं तेव्हा उमगलं. वांग्याची सगळी फुलं सारखी नसतात. काहींत मधली हिरवट काडी पिवळ्या पुंकेसरांच्या वर डोकावते, काहींत ती आतच खुजी राहते. खुज्या काडीचं फूल दिसायला तेवढंच देखणं, पण फळ धरत नाही. मी नेमकी तीच निवडली होती.

मग लांब काडीची घेतली. तरीही फळं थोडीच धरली आणि धरली तीही किरकोळ. कारण वांग्याचा पराग मोकळा नसतोच. पुंकेसरांच्या टोकाला बारीक भोकं, मिठाच्या डबीसारखी. हलवल्याशिवाय काही पडत नाही. मधमाशीला ते हलवणं जमत नाही, ती सांडलेलं टिपते. भुंगा मात्र फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता अंगातले स्नायू थरथरवतो. नीट ऐकलं तर त्याचा सूर एकदम चढतो, आणि पिवळी पूड त्याच्या पोटावर. मी सकाळी चहाचा कप घेऊन हे कितीदा तरी पाहिलं आहे. कप गार होतो.

आता मी कुठून थरथरू? भाच्याने दिलेला बॅटरीचा टूथब्रश कपाटात पडून होता. पोटली सोडायची, देठाला मागून ब्रश टेकवायचा, दोन-तीन सेकंद भुर्रर्र, पोटली पुन्हा बंद. काकू कठड्यावरून बघत होत्या.

“काय करू राह्यली व तू? वांग्याचे दात घासते का?”

हौसेने मुद्दाम एक संकरही करून पाहिला. संध्याकाळी न उमललेली कळी भुवयांच्या चिमट्याने उघडून पुंकेसर काढले, सकाळी काकूंच्या फुलाचा पराग लावला. काडीच मोडली. भुंग्याच्या हातून अशी मोडलेली मी पाहिलेली नाही.

शेवटी वाटणी केली. बियांसाठी दोन फुलं माझी, बाकी सगळा मळा त्याचा. बांबू कुजलाय, बदलू या, असं हे दर रविवारी म्हणतात. मी ऐकू न आल्यासारखं करते.

टूथब्रशची दोन्ही वांगी यंदा झाडावरची सगळ्यांत मोठी निघाली. डिसेंबरात मामा वांगी भाजायला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, भारा घेऊन आले, कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ भिजलं, आणि त्यांचं लक्ष थेट त्या दोघांवर. ती पिवळी पडेपर्यंत तोडायची नाहीत, म्हटलं, बियाण्याची आहेत. भरिताला दोन किलो बाजारातून आणली.