पैरोच्या कड्यासमोर, मान वर करून

काठमांडू ते स्याब्रुबेसी हा बसप्रवास न आठवलेलाच बरा. लांगटांग खोऱ्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो बांबू नावाच्या थांब्याच्या अलीकडे, पैरो या ठिकाणी. नदीपलीकडच्या कड्यावर हिमालयातल्या मोठ्या मधमाश्यांची पोळी लोंबतात आणि त्याच कपारींसमोर हाऊस मार्टिन गरगरत असतात. भिंगरीच्याच कुळातले, जेमतेम 13 सेंटिमीटरचे. पाठ निळी-काळी, कंबर पांढरी, पायांवर बोटांपर्यंत पांढरी पिसं. नेपाळ हाऊस मार्टिन आणि एशियन हाऊस मार्टिन या दोन्ही जाती ह्याच वर्णनात बसतात, ही खरी पंचाईत.

पक्षीपुस्तकं कमरेपासून सुरुवात करतात. पण पायवाटेवरून कंबर दिसते कुणाला? दिसतं ते पोट. म्हणून पोटाची दोन टोकं बघायची. नेपाळची हनुवटी-गळा काळा, शेपटीचं बूडही काळं, मधे शुभ्र पांढरं. एशियनचा गळा पांढरा, पोटावर धुरकट छटा, बूड मळकट पांढरं. फार तर करडं, काळंकुट्ट नाही. पंखाखालचं अस्तर दोघांचंही गडद, तेव्हा त्यावर वेळ घालवू नये. ती खूण उपयोगी पडते वेस्टर्न हाऊस मार्टिन वेगळा काढायला. त्याचं अस्तर फिकट.

शेपटी नेपाळची सरळ कापल्यासारखी, एशियनची किंचित दुभंगलेली. वळताना मात्र ती पंख्यासारखी उघडते, खाच बुजते आणि एशियनचा नेपाळ होतो. मिटल्या शेपटीने तरंगेल तेव्हाच निकाल द्यावा.

फोटो तर आणखी फसवतात. उजळ आभाळासमोर पक्षी काळवंडतो, पांढरा गळाही काळा उमटतो. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवावं आणि काळ्या कड्यासमोर आला की लगेच उतरवावं. शटरचा वेग 1/2500 सेकंदापेक्षा कमी नको.

दुपारी वारा सुटला की पक्षी ठिपके होतात. ढग खाली उतरलेली सकाळ उत्तम: किडे खाली, म्हणून तेही खाली. घरटी बांधायच्या दिवसांत पाझराजवळचा ओला चिखल शोधावा. चोचीत गोळा घ्यायला ते जमिनीवर टेकतात, तेव्हा कुठे कंबर दिसते. एशियनच्या कमरेवर बारीक गडद रेघा असतात.

एशियन इमारतींच्या वळचणीलाही घरटं लिंपतो. नेपाळला कडाच लागतो. नावातलं ‘हाऊस’ उगाचच. डेलिकॉन हे शास्त्रीय प्रजातीनाम मात्र 1854 साली ब्रिटिश कीटकतज्ज्ञ फ्रेडरिक मूरने ह्याच नेपाळ मार्टिनसाठी घडवलं, भिंगरीचं ग्रीक नाव ‘केलिडॉन’ घेऊन त्याची अक्षरं उलटीपालटी करून.